मोजणारा आला

वाऱ्यानं गावाला निवांत बसू द्यायचं नाही असं ठरवलंच होतं. रानात गहू पिकून पिवळा पडला होता, ओंब्या एकमेकींवर आपटून वाजत होत्या. वर आभाळ घटकाभर भरायचं, घटकाभरानं रिकामं व्हायचं. येतो म्हणत नव्हतं नि येत नाही असंही म्हणत नव्हतं. अशा आभाळाखाली माणसाचा हात कामावर ठरत नाही.

म्हातारा गवंडी ओट्यावर थापीचा गंज घासत बसला होता. बसला होता म्हणायचं एवढंच. दोन हात मारायचा की उठायचा, रस्त्यापर्यंत जाऊन आभाळाकडे बघायचा आणि परत येऊन थापी उलटी धरायचा. मुलगा मळणीवाला. दर हंगामात यंत्र घेऊन रानोरान फिरायचा, लोकांचा गहू मळून द्यायचा. पण मागच्या हंगामात त्या यंत्राचा कणाच मोडला, तो कुठल्याच लोहाराकडून जुळला नाही. आता गहू कापणीला आला तरी मुलगा नि सून रोज उठून बाजारगावाला जायचे आणि संध्याकाळी तोंड मिटून परत यायचे. कुठं जाता, विचारलं तर "कामाला" एवढंच. म्हाताऱ्याला हे खटकत होतं, पण पुन्हा विचारायचं कसं, हेही त्याला जमत नव्हतं.

तेवढ्यात गल्लीच्या टोकाकडून हाळी आली.

"मोजणारा आला! मोजणारा आला गं बायांनो!"

हाळी शेजारच्या काकूची. तिला सगळे रेडिओकाकू म्हणायचे, कारण बंद करायचं बटण कुठलं ते कुणालाच सापडलं नव्हतं.

या हाळीचा अर्थ गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. घर जितकं धड, तितकी घरपट्टी जास्त. म्हणून घरं मोजायला माणूस आला रे आला की अख्खी गल्ली हां हां म्हणता भिकेला लागायची. चांगल्या खुर्च्या माळ्यावर जायच्या. कोंबड्या पुढच्या खोलीत यायच्या. भिंतींवर तांब्या तांब्या पाणी उडायचं, म्हणजे ओल दिसावी. आणि धडधाकट तुळयांखाली टेकू लागायचे. टेकू कुठं लावला म्हणजे घर जास्त म्हातारं दिसतं, हे गल्लीला या गवंड्यानंच शिकवलं होतं. घर उभं करणाऱ्यालाच घर आजारी कसं दिसतं ते कळणार!

त्यानं थापी टाकली, कोंबड्या आत घेतल्या, भिंतींवर पाणी उडवलं, माडीचं दार लावून पुढं पोत्यांची थप्पी रचली, मधल्या खोलीत दोन टेकू दिले आणि पाठीत वाकून दारात उभा राहिला.

पिशवीवाला, चष्मा लावलेला माणूस आला. हातात लाल ठिपका टाकून अंतर सांगणारं यंत्र.

"घरात कोण आहे?"

"मी आहे. आणि मी धरून ठेवलंय म्हणून घर आहे."

"बांधकाम कधीचं?"

"बांधकाम कसलं साहेब, चिखल थापलाय."

माणसानं लाल ठिपका भिंतीवर टाकला. "ही भेग केवढी आहे हो?"

"ही धाकटी. थोरली मागं आहे."

रेडिओकाकू पदर खोचून मदतीला धावलीच. "अहो साहेब, आम्ही त्या भिंतीच्या बाजूला झोपतसुद्धा नाही. कधी अंगावर येईल सांगता येत नाही. परवा मांजर चढलं, तर सगळं मातीसकट खाली आलं."

"मांजर?"

"भिंत हो! मांजर शहाणं, उडी मारून गेलं."

म्हाताऱ्यानं तिच्याकडे डोळे वटारले. जरा जास्त होत होतं. पण माणूस लिहीत होता. त्यानं तुळई पाहिली, टेकू पाहिले, ओल पाहिली, वर बघून च्यक् केलं.

"गवंडी कोण होता?"

एरवी या प्रश्नाला म्हातारा छाती पुढं काढून उत्तर द्यायचा. आज त्यानं पाठ आणखी वाकवली.

"होता एक. अर्धवट शिकलेला."

"वारला का?"

"वारला नाही अजून. असून नसल्यासारखा आहे."

माणसाला दया आली असावी. जाताना म्हणाला, "आजोबा, पाऊस झाला तर या घरात झोपू नका."

त्याची पाठ वळली तशी काकू पोट धरून हसली. म्हातारा हसला नाही, पण मनातून खूश होता. झाकली मूठ सव्वा लाखाची. मूठ उघडून दाखवायची ती पाहुण्यांना, सरकारला नाही.

मुलगा नि सून परतले तेव्हा दिवस कलला होता आणि अंगणात धुळीचे भोवरे फिरत होते. सून तांब्या भरून पाणी घेऊन आली. म्हाताऱ्याला दम निघेना. त्यानं सगळी हकीकत सांगितली, मांजरासकट. मुलगा ऐकता ऐकता खाली बसला. सुनेच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"कसा होता माणूस?" तिनं विचारलं. "चष्मेवाला? लाल ठिपकेवाला?"

"तोच. चांगला गुंडाळला त्याला. यंदा घरपट्टी अर्ध्यावर येते बघ."

"आबा," सून हळू आवाजात म्हणाली, "तो घरपट्टीचा नव्हता. बँकेचा होता. उद्या यायचा, तो आजच आला."

"बँकेचा? बँकेला आपलं घर कशाला मोजायचंय?"

मुलानं मान वर केली नाही. "तारण ठेवायला. नव्या यंत्रासाठी कर्ज काढतोय घरावर."

बाहेर पत्रा वाजला. म्हातारा टेकूला हात टेकून उभा राहिला. शेवटी तो टेकू त्यालाच उपयोगी पडला.

"माझ्या घरावर? आणि मला न सांगता?"

"घर तुम्हीच माझ्या नावावर केलंत, आबा."

"नावावर केलं म्हणजे माझी जीभ कापून दिली का? मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात."

"म्हणालोच असतो!"

"म्हणून तर नाही सांगितलं!"

"आणि तुम्ही कुणाला विचारून घराला टेकू लावलेत?" सून मध्ये पडली. तिचाही आवाज आता चढला होता. "सहा महिने मी बँकेतल्या त्या मॅडमच्या पुढ्यात सांगतेय, घर दगडासारखं आहे म्हणून. आता त्या कागदावर काय आलं असेल? नदीपलीकडचा मळणीवाला दारोदार हिंडून विसाराचे पैसे घेतोय. बाजारगावात दुकानदारानं आपल्यासाठी यंत्र थांबवून ठेवलंय, पण या आठवड्यापुरतंच. एक हंगाम हुकला की गिऱ्हाईक जन्माचं हुकलं. गहू कुणासाठी थांबतो का?"

आपण चुकलो हे म्हाताऱ्याला कळत होतं, पण एकट्यानं चुकलो नाही हेही कळत होतं. माणसाला सगळ्यात जास्त टोचतं ते हेच. त्यानं पोती बाजूला केली, माडीचं दार उघडलं, कोंबड्या हाकलल्या. मग दोन्ही टेकू काढले.

सकाळी तो धुतलेलं धोतर नेसून सुनेच्या आधी रस्त्यावर जाऊन उभा होता.

"तुम्ही कुठं?" सुनेनं विचारलं.

"मी लावलेला टेकू मीच काढायला नको?"

बँकेत कर्जाचं बघणाऱ्या मॅडम एका कोपऱ्यातल्या टेबलाशी बसत. पन्नाशीच्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेल्या, बोलणं सावकाश. म्हाताऱ्याला त्यांनी खुर्ची दिली, पण तो खुर्चीच्या कडेलाच टेकला. पंखा करकरत होता. त्याचं लक्ष भिंतीच्या गिलाव्याकडे होतं. गिलावा चांगला नव्हता, पण ते बोलायची ही वेळ नव्हती.

मॅडमनी कागद डोळ्यांजवळ धरून वाचला. "भिंतींना ओल. तुळया टेकूवर. मागची भिंत धोकादायक. शेजाऱ्यांची साक्ष. बांधकाम निकृष्ट, गवंडीकाम हलक्या दर्जाचं."

म्हातारा उठून उभाच राहिला. "हलक्या दर्जाचं? कुणी लिहिलं?"

"लिहिलं आमच्या माणसानं. सांगितलं तुम्ही, असं दिसतंय."

सून खाली बघत होती. म्हातारा परत टेकला, आणि सगळं बोलून टाकलं. घरपट्टी, हाळी, कोंबड्या, ओल. मॅडम न हसता ऐकत होत्या, पण मांजराजवळ आल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"एक गोष्ट मला कळत नाही बाई," म्हातारा म्हणाला. "घर जुनं असो की नवं, राहणारे आम्ही. त्याच्या किमतीशी तुमचा काय संबंध?"

मॅडमनी कोऱ्या कागदावर आडव्या रेघा मारल्या. "तुम्ही गवंडी ना? मग भिंतच समजा. समजा तुमचं घर दहा थरांची भिंत आहे. तुम्ही छप्पर बदललं तेव्हा कर्ज घेतलं होतं, ते अजून फिटायचंय. म्हणजे खालचे दोन थर अजून बँकेचे. उरलेले आठ तुमचे. बरोबर?"

"बरोबर."

"या आठांवर कर्ज देता येतं. पण आठही थरांवर मी देत नाही. वरचे दोन मोकळे सोडते. उद्या बाजार पडला, घराची किंमत उतरली, तर ते दोन थर धक्का खातात, तुम्ही नाही. राहिले मधले सहा. त्यात तुमचं यंत्र सहज बसलं असतं."

"आणि या कागदाप्रमाणे?"

त्यांनी दुसरी भिंत काढली, बुटकी. "या कागदाप्रमाणे तुमचं घर पाच थरांचं. दोन जुन्या कर्जाचे, दोन मोकळे. राहिला एक. एका थरात यंत्राची चाकं येतील फार तर."

म्हातारा त्या बुटक्या भिंतीकडे बघत राहिला. आपण बसल्या जागी हिचे पाच थर पाडून टाकले. साऱ्या आयुष्यात कुणाची भिंत पाडली नव्हती.

मग त्याला दुसरंच काही सुचलं. त्यानं बोट खालच्या थरांवर ठेवलं. "हे खालचे तुमचे का? वरचे का नाही घेत? खालचा थर कुणी काढून घेतला तर वरचं राहतं का?"

सुनेला वाटलं, आता झालं. पण मॅडमनी लेखणी खाली ठेवली.

"नाही राहत," त्या म्हणाल्या. "म्हणूनच हप्ता चुकवायचा नसतो. चुकत गेला तर आम्ही आधी बोलतो, मुदत देतो, मार्ग काढतो. पण शेवटी घर विकायला निघतं. गोड बोलून सांगणारे दुसरे आहेत. मी तुम्हाला हे आजच सांगणार, सही व्हायच्या आधी."

म्हाताऱ्याला त्या बाईबद्दल पहिल्यांदा बरं वाटलं. वाईट बातमी सरळ देणारं माणूस त्याच्या धंद्यातही विरळाच असायचं.

"दुसरा माणूस पाठवते," मॅडम म्हणाल्या. "तपासणीचा खर्च तुमचा. पण एक अट. या वेळी तुम्ही तोंड उघडायचं नाही. वाईट नाही, चांगलंही नाही. भिंतीला बोलू द्या. आणि तुमच्या त्या काकूंनाही सांगा."

"तिला?" म्हाताऱ्यानं कपाळाला हात लावला. "बाई, त्यापेक्षा घर पाडून परत बांधणं सोपं आहे."

संध्याकाळी तो घरोघर गेला. उद्या मोजणारा येणार, पण बँकेचा. टेकू नाही, पाणी नाही, कोंबड्या नाहीत.

"मग काय सांगायचं?" रेडिओकाकूनं विचारलं.

"काही नाही. घर आहे तसं आहे."

"तसं म्हणजे कसं? घरपट्टीच्या वेळचं, की मुलगी बघायला येतात त्या वेळचं?"

"कुठलंच नाही! मुक्यानं बसायचं."

"मी?"

"तूच. पाया पडतो तुझ्या."

काकूनं बराच वेळ विचार केला. "बरं. पण मला काही झालं तर तुम्ही जबाबदार."

दुसऱ्या दिवशी वारा आणखी चेकाळला होता. रानातून वाळल्या पानांचा, भुसकटाचा लोंढा गल्लीतून धावत होता. या वेळी आलेला माणूस जाडजूड, कपाळाला आठ्या घातलेला. तो गल्लीत शिरला आणि थबकला. दारोदार माणसं उभी. कुणी बोलत नव्हतं. बायकांनी तोंडाला पदर लावलेला. रेडिओकाकूनं तर पदराचा बोळाच तोंडात कोंबला होता नि तिचे डोळे पाण्यानं भरले होते.

माणसानं टोपी काढली. दबक्या आवाजात सुनेला विचारलं, "इथं कुणी वारलंय का?"

"नाही नाही. या ना. सगळे नुसते उभे आहेत."

तो आत आला. म्हातारा भिंतीला पाठ लावून, ओठ आवळून उभा. माणूस भिंतीवर बोटाच्या पेरानं ठोकायचा, कान लावायचा, पुढं सरकायचा. ठोकण्याचा प्रत्येक आवाज म्हाताऱ्याच्या बरगडीत उठत होता. कोपऱ्यात ओळंबा सोडला तेव्हा तो पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरायला लागला.

मागच्या भिंतीपाशी माणूस बराच वेळ थांबला. चाकूच्या टोकानं सांधा खरवडला. सांधा खरवडला गेला नाही. त्यानं जोर लावला. टोक वाकलं.

"हे कुणाचं काम?" तो वळून म्हणाला.

म्हाताऱ्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. मुलानं त्याच्याकडे पाहिलं, सुनेनं पाहिलं. बंदी म्हणजे बंदी. माणसानं खिडकीतून गल्लीला विचारलं, "अहो, गवंडी कोण होता या घराचा?"

गल्लीनं शब्द काढला नाही. पण एक हात वर झाला, मग दुसरा, मग सगळेच. अख्ख्या गल्लीची बोटं खिडकीतून म्हाताऱ्याकडे रोखलेली. रेडिओकाकूनं तर दोन्ही हातांनी दाखवलं.

माणूस म्हाताऱ्याकडे नखशिखांत बघून म्हणाला, "मग बोलत का नाही तुम्ही?"

म्हाताऱ्यानं ओठांवर बोट ठेवलं आणि मान हलवली. त्या माणसाच्या आठ्या पहिल्यांदाच मोडल्या. तो हसला आणि कागदावर काहीतरी लिहून गेला. तो गल्लीच्या टोकाला पोचायच्या आधी काकूनं बोळा काढला, आणि तिचा आवाज वाऱ्यावर स्वार होऊन शिवारापर्यंत गेला असावा.

आठवडा संपायच्या आत तिघं पुन्हा मॅडमसमोर बसली होती. मॅडमनी भिंत काढली. "नऊ थर. दोन जुन्या कर्जाचे, दोन मोकळे. पाच मिळू शकतात. यंत्राला लागतात चार."

"पाच द्या," मुलगा पुढं सरकून म्हणाला. "मग दुसरं मोठं यंत्र येतं, कडबासुद्धा..."

"चारच घ्या. अंथरूण पाहून पाय पसरा. मिळतंय म्हणून घ्यायला हे जेवण नाही." मॅडम कागद उलटत होत्या. "आणि हप्ता महिन्याला नको. तुमच्या हातात पैसा येतो तो मळणीनंतर. हंगाम झाला की हप्ता, असं बसवते. व्याज कमीजास्त होणारं घेऊ नका, एका दराचं घ्या. आज जरा महाग वाटेल, पण झोप लागेल."

मुलगा हिरमुसला, पण सुनेनं मान हलवली. मुलानं सही केली. मॅडमनी कागद म्हाताऱ्यापुढं सरकवला.

"आता तुम्ही सांगा. हो की नाही?"

"मला काय विचारता? घर त्याचं."

"त्याला विचारलं. आता तुम्हाला विचारते. राहता तुम्ही त्यात."

म्हातारा सुनेकडे बघेना, मुलाकडेही बघेना. खिडकीबाहेर आभाळ पुन्हा दाटत होतं. बराच वेळ त्यानं टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवला, जणू कडा सरळ आहे का बघतोय.

"विचारलंत ना?" तो शेवटी म्हणाला. "मग हो."

नवं यंत्र ट्रॅक्टरला जोडून गल्लीत आलं तेव्हा रानात विळे चालू झाले होते आणि मावळतीकडून काळा ढग चढत होता. गल्ली गोळा झाली. यंत्र अंगणाच्या फाटकाशी आलं आणि अडलं. फाटकाच्या दोन खांबांमध्ये जागा चार बोटं कमी. मागं गाड्या खोळंबल्या.

"एक खांब पाडल्याशिवाय गत्यंतर नाही," मुलगा म्हणाला आणि घण घेऊन आला.

पहिला घाव बसला आणि घण उसळून परत आला. दुसरा बसला, खांबावर पांढरा ठिपका उमटला, बस्स. मुलगा घामाघूम. शेजारचा पुढं आला, त्यानं चार घाव घातले आणि खांदा धरून बसला. वारा मातीचा वास घेऊन आला. कुठंतरी पाऊस सुरू झाला होता.

"आबा, यात घातलंय काय तुम्ही?"

म्हातारा ओट्यावर उभा होता. ढगाकडं बघून त्याचा जीव खालीवर होत होता आणि खांबाकडं बघून तोंडावरचं हसू त्याला आवरत नव्हतं.

एवढ्यात सुनेला शंका आली. घर तारण ठेवलेलं. त्यातलं काही आपल्या मनानं पाडलं तर चालतं का? तिनं फोन लावला.

"मॅडम, फाटकाचा एक खांब पाडतोय. यंत्र आत येत नाही. तुमची परवानगी लागते का?"

पलीकडून मॅडमचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. "खांबाला काही हरकत नाही हो. भिंतीला हात लावू नका. पाडलात का?"

म्हातारा ओट्यावरून उतरला. सदरा काढून सुनेच्या हातात दिला, तळहातांवर थुंकला आणि मुलाकडून घण घेतला.

"सांग त्यांना," तो म्हणाला, "मारतोय म्हणावं. पडत नाहीये."